रिपोर्टमध्ये सगळीकडे 'आर'च आलाय, आता काय?

प्रश्न : डॉक्टर, माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे, वर्षभरात तिसऱ्यांदा शू करताना जळजळ सुरू झालीये. आधीच्या दोन्ही वेळी मेडिकलमधून सेफिक्झाइम या अँटिबायोटिकचं सिरप आणलं, दोन-तीन दिवसांत बरं वाटलं की बंद केलं. या वेळी लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) केलं तर ई. कोलाय जंतू, एक लाखाच्या वर कॉलनी, खाली 'ईएसबीएल पॉझिटिव्ह', आणि सेफिक्झाइम, सेफ्ट्रायॅक्झोन सगळ्यापुढे आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. लॅबवाला म्हणाला की आता ॲडमिट करून मेरोपेनेमचं जबरदस्त इंजेक्शनच द्यावं लागेल. ताप नाही, खेळतेय, फक्त सारखी बाथरूमला पळते. घरात सगळे घाबरलेत. (एक आई, बार्शी)

उत्तर : ताई, लॅबवाल्याचं काम रिपोर्ट देण्याचं, ट्रीटमेंट ठरवण्याचं नाही, हे आधी सांगतो. आणि तुम्ही पत्रात एक वाक्य जाता जाता लिहिलंय ना, ताप नाही, खेळतेय, तेच माझ्यासाठी अख्ख्या रिपोर्टपेक्षा मोठं आहे.

ईएसबीएल हे जंतूने तयार केलेलं एक एन्झाइम आहे. पेनिसिलिन गटातली आणि 'सेफ'ने सुरू होणारी बहुतेक औषधं ते तोडून टाकतं. म्हणून ती निकामी. पण त्यामुळे जंतू जास्त विषारी होतो असं नाही, तो तोच ई. कोलाय, आपल्या सगळ्यांच्या आतड्यात राहणारा, फक्त दर वेळी अर्धवट सिरप दिलं की आतड्यातले साधे मरतात आणि हे चिवट उरतात, मग पुढच्या वेळी लघवीत तेच चढतात. सेफिक्झाइमच्या पाकिटावरची लाल चौकट बघितलीत का कधी? शेड्यूल एच-वन, म्हणजे कडक नियमांच्या औषधांची सरकारी यादी, मार्च २०१४ पासून. चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही, दुकानदाराने वहीत नोंद ठेवायची. आता तुम्हाला ते किती सहज मिळालं ते तुम्हीच लिहिलंय, जाऊ दे.

आता रिपोर्ट परत काढा आणि आर मोजत बसू नका, एस शोधा, म्हणजे जे औषध लागू पडतं ते. नायट्रोफ्युरँटॉइन नावाची ओळ असेल, ईएसबीएल असूनही ई. कोलायमध्ये तिथे बऱ्याचदा एस असतो. हे औषध तोंडाने घ्यायचं, जुनं आहे, रक्तात फारसं टिकत नाही पण लघवीत भरपूर उतरतं, त्यामुळे मूत्राशयापुरतं इन्फेक्शन असेल तर छान काम करतं. जेवणासोबत द्यायचं नाहीतर मळमळतं, आणि लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका. तुमच्या मुलीला हे चालेल असं वाटतं, पण वजनावरून डोस आणि किती दिवस ते तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवायचं.

मात्र ताप चढला, उलट्या, कंबरेत किंवा पोटाच्या बाजूला दुखणं, असं काही झालं की हे औषध उपयोगाचं नाही कारण किडनीच्या आत ते पोचतच नाही. मग इंजेक्शन. तिथेही थेट मेरोपेनेम लागेलच असं नाही, रिपोर्टमध्ये ॲमिकासिनला एस असेल तर दिवसातून एकदाच देऊन, क्रिएटिनिनवर (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) लक्ष ठेवून बऱ्याच मुलांचं भागतं. मेरोपेनेम म्हणजे घरातलं शेवटचं भरलेलं सिलिंडर, चहा करायचाय म्हणून नाही जोडत आपण. पोरगं खरंच आजारी असेल तर मात्र क्षणभर थांबायचं नाही, आणि तीन महिन्यांच्या आतलं बाळ तापलं तर घरी वाट बघायचीच नाही.

पण औषधाने हे इन्फेक्शन जाईल, चौथं कसं टाळणार? माझ्या ओपीडीत एक पहिलीतली मुलगी यायची, सहा महिन्यांत तीन कल्चर पॉझिटिव्ह, आई अँटिबायोटिकच्या चिठ्ठ्यांची फाइल घेऊन बसलेली. मी दप्तर उघडायला लावलं तर पाण्याची बाटली दुपारी दोन वाजताही गळ्यापर्यंत भरलेली. शाळेच्या बाथरूमला कडी नाही म्हणून ती जायचीच नाही, आणि जायला लागू नये म्हणून पाणीच प्यायची नाही. शी चार दिवसांनी, खडा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबून बसतं, शू पूर्ण होत नाही, उरलेल्यात जंतू वाढतात. तिला शी मऊ होण्याची पावडर काही महिने दिली, आईने बाईंशी बोलून दर दोन-तीन तासांनी बाथरूमला पाठवायला सांगितलं, आणि कमोडवर बसताना पायाखाली देवघरातला जुना पाट. पाय लोंबकळत असले की पोरं नीट मोकळी होत नाहीत. शू झाली की उठून वीसपर्यंत पाढा म्हणायचा आणि परत बसायचं, दुसऱ्यांदाही थोडी येते बघा.

तुमच्याकडे हे सगळं विचारून बघा, आणि तीनदा झालंय म्हणजे किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी करून घ्याच, लघवी करून आल्यावर किती उरते तेही बघायला सांगा. पुढच्या तपासण्या लागतील की नाही ते त्यावरून ठरेल.

प्रश्न : आमच्या मुलाचा लघवीच्या इन्फेक्शनचा अँटिबायोटिक कोर्स संपला, आता काहीच त्रास नाही. खात्रीसाठी परत कल्चर करू का? (बाबा, वाशी)

उत्तर : नको. त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तरी बहुतेक मुलांना औषध द्यायचं नसतं, दिलं तर उगाच आणखी चिवट जंतू तयार होतात. पुन्हा ताप किंवा जळजळ आली तर मात्र अँटिबायोटिकचा पहिला डोस देण्याआधी सॅम्पल घ्या. धुऊन, पहिली थोडी धार सोडून मधली, लॅबच्या निर्जंतुक डबीत, आणि तासाभरात पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरलेल्या डबीत जंतू मजेत वाढलेले असतात, मग लाखाच्या वर कॉलनी येणारच.