कॉलेजियमने, म्हणजे नावं सुचवणाऱ्या वरिष्ठ जजांच्या गटाने, नाव पाठवलं म्हणजे वकील हायकोर्टाचा जज झालाच ना? की सरकार अडवू शकतं?

अडवू शकतं. आणि त्यासाठी नाही म्हणायची पण गरज नसते, फाईल नुसती ठेवून द्यायची.

मी ज्यांच्याकडे ज्युनियर होतो त्या सरांचं नाव गेलं त्या दिवशी चेंबरमध्ये कुणीतरी पेढे आणले, सर भडकले, वॉरंट म्हणजे नेमणुकीचा हुकूम निघेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही म्हणाले, पण बाररूमला आमच्या आधीच कळलेलं. आयबीची, म्हणजे केंद्राच्या गुप्तचर खात्याची, चौकशी झाली. मग दीड वर्ष काही नाही. जुने क्लायंट यायचे, साहेब तुम्ही आता वर जाणार, आमचं मॅटर कुणाकडे देऊ, असं हसत हसत विचारायचे आणि कागद घेऊन जायचे. नवीन ब्रीफ म्हणजे केस येईना, आली तरी सर लांबलचक फायनल हिअरिंग घ्यायला कचरायचे, उद्या शपथ झाली तर अर्ध्यात कोण उभं राहणार. बरं, उशीर नुसता उशीर नसतो, सिनियॉरिटी शपथेपासून धरतात आणि ६२ ला घरी, म्हणजे फाईल दाबून कुणाला कुणाच्या मागे टाकायचं तेही ठरवता येतं. शेवटी सरांनी जज व्हायला दिलेली संमती मागे घेतली. दोन ओळींचं पत्र, टाईप मीच केलं.

आमच्याच चेंबरमधला तेव्हाचा एक जण अजून म्हणतो सर घाबरले, थांबायला हवं होतं, मुंबईत सोमशेखर सुंदरेसन थांबलेच ना. अरे पण त्यांचं नाव सोशल मीडियावरच्या मतांचं कारण देऊन परत आलं होतं. कारण दिलं की कॉलेजियमला खोडता येतं, त्यांनी जानेवारी २०२३ ला खोडलं आणि नोव्हेंबरात नेमणूक झाली. आमच्याकडे खोडायला काय होतं? आणि नाव पुन्हा पाठवलं की तीन-चार आठवड्यात नेमा असं सुप्रीम कोर्टाने २०२१ ला सांगितलंय खरं, तरी दिल्लीच्या सौरभ किरपालांचं बघा, हायकोर्टाकडून नाव २०१७ ला गेलेलं, तेही जानेवारी २०२३ ला पुन्हा पाठवलं, पुढे काय? कर्नाटकच्या आदित्य सोंधींनी नाव दोनदा जाऊनही २०२२ ला माघार घेतली, तेपण घाबरट का?

कॉलेजियम धुतल्या तांदळासारखं आहे असं म्हणत नाहीये हां. कुणाचं नाव का गेलं आणि कुणाचं का नाही हे बाहेर कुणाला धड कळत नाही, २०१५ ला सुप्रीम कोर्टाने एनजेएसी, म्हणजे कॉलेजियमच्या जागी आणलेला नेमणूक आयोग, रद्द केला तेव्हा पाचात एक जज विरोधात होतेच. आणि अमेरिकेसारखं सिनेटात मतदान हवं म्हणणाऱ्यांनी २०१६ चे गार्लंड आठवावेत, ओबामांनी तिथल्या सुप्रीम कोर्टासाठी त्यांचं नाव दिलं होतं, मतदान सोडा, सुनावणीच घेतली नाही.

तुमच्या घरात कुणाचं नाव गेलं असेल तर प्रॅक्टिस थांबवू नका, पेढे तर अजिबात नकोत. आणि सरांना घाबरट म्हणणाऱ्या मित्रा, तू हे वाचत असशीलच. पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सर बोर्डावरच्या पहिल्या मॅटरला उभे होते. चेंबर सोडून तू गेलेलास, तेही पत्राच्या चांगलं सहा महिने आधी, ब्रीफ आटल्या म्हणून.