शाळेचा निकाल आणि आपलं मूल

दहावीचा निकाल लागला की शाळाशाळांचे टक्के मोबाइलवर फिरायला लागतात आणि समुपदेशक म्हणून माझ्याकडे एकच प्रश्न येत राहतो. नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, तुर्भे, घणसोली, दिघा, कुठूनही. "मॅडम, महापालिकेची शाळा आहे. निकाल बघा केवढा कमी. तिथे कसल्या घरातली मुलं येतात तुम्हाला माहितीच आहे. त्यांच्यात आमच्या पोरीचं काय होणार?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एका कुटुंबाबरोबर केलेलं काम इथे मांडते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी. आई चार घरी पोळ्या करते. मुलगी आठवीत, सातवीपर्यंत कायम वरच्या नंबरात. सहामाहीला मात्र गणितात एकदम घसरली. वडील कारण ठरवूनच आले होते: शाळा वाईट, संगत वाईट. नववीला तिला खासगी विनाअनुदानित शाळेत घालायचं, त्यासाठी पतपेढीत कर्जाचं बोलणंही झालं होतं. मी मुलीला फक्त तयार करावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती.

मी निकालापासूनच सुरुवात केली. त्या वर्षी शाळेतली जवळपास चाळीस टक्के मुलं दहावीला नापास झाली होती. "यातलं एक तरी मूल तुमच्या ओळखीचं आहे का?" वडिलांच्या ओळखीचं कुणी नव्हतं. मुलीच्या होतं. तिच्यापुढे कागद ठेवला आणि म्हटलं, "नावं नकोत. त्यांचं वर्ष कसं गेलं ते लिही."

एक मुलगा दिवाळीच्या सुमाराला आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला तो थेट परीक्षेच्या तोंडावर परतला. एक मुलगी हिंदी माध्यमातून नववीत मराठीत आलेली. एकाच्या वडिलांचं काम सुटलं, म्हणून तो पहाटे भाजी मार्केटात हमाली करून यायचा आणि पहिल्याच तासाला बाकावर डोकं टेकायचा. एकीला धाकट्या भावाला सांभाळायला घरीच ठेवत.

"आणि ज्यांची शाळा वर्षभर बुडली नाही?"

"ती बहुतेक पास झाली."

वडिलांनी कागद दोनदा वाचला. "म्हणजे यातलं एकही पोरगं बिनडोक नव्हतं," ते म्हणाले. इथून आमचं काम खरं सुरू झालं.

तरी तिची घसरण सुटत नव्हती. ती माझ्यासमोर गणितं बरोबर सोडवायची आणि परीक्षेत प्रश्नच सोडून यायची. पुढच्या एका भेटीत वडील बोलता बोलता म्हणाले, "ती मुलं आपल्याला खाली ओढतात." मुलगी पहिल्यांदाच त्यांच्याकडे वळून बसली.

"पप्पा, सारखं ती मुलं, ती मुलं काय? भाड्याची खोली, वडील मार्केटला, आई लोकांच्या घरी. मी पण तीच आहे ना? ती नापासच होणार असतील तर मी कशाला गणित करत बसू?"

"अगं, मी तुझ्याबद्दल नव्हतो बोलत."

"मग कुणाबद्दल?"

त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. अशा वेळी समुपदेशकाने मध्ये पडून सावरून घ्यायचं नसतं. वर्षानुवर्षांच्या कामाने एवढा धीर मला दिला आहे, आणि त्या दिवशी तो कामी आला. थोड्या वेळाने वडीलच बोलले. "मी सातवीत शाळा सोडली. गावात मास्तर म्हणायचे, या पोरांचं काही खरं नाही. मला ते पटलं होतं." मुलीने त्यांच्या हातावर हात ठेवला. सगळ्या भेटींमधलं सर्वांत मोठं काम त्या बापलेकीनेच केलं.

मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विचारपद्धती मी मानते. जे घडतं त्यापेक्षा त्याचा आपण लावलेला अर्थ माणसाला जास्त अडवतो. शाळेचा निकाल हे घडलेलं होतं. "आपल्यासारख्यांचं असंच होतं" हा अर्थ होता, आणि तो घरात रोज बोलला जात होता.

घरची परिस्थिती आणि गुण यांचा संबंध नाही, असं मात्र मी कुणाला सांगत नाही. अमेरिकेत १९६६ साली समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांचा शाळांवरचा मोठा अहवाल आला. शाळेच्या सोयीसुविधांपेक्षा घरच्या परिस्थितीचा गुणांशी जास्त संबंध दिसतो, सोबतची मुलं कोण आहेत यानेही फरक पडतो, असं त्यात आढळलं. त्याच अहवालातली एक गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही: आपलं भवितव्य काही अंशी तरी आपल्या हातात आहे असं मुलाला वाटतं की नाही, याचा गुणांशी असलेला संबंध शाळेच्या सगळ्या घटकांपेक्षा जास्त ठळक होता. पालकांना मी कळकळीने सांगते, ते वाटणं घरातून काढून घेऊ नका.

टक्के वाचायलाही शिका. काही ठिकाणी नववीतल्या कच्च्या मुलांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सुचवलं जातं आणि मग शंभर टक्के निकालाचा फलक लागतो. म्हणून शाळेत जाऊन विचारा: नववीतली किती मुलं याच शाळेतून दहावीला बसली? गणित, विज्ञानाला कायम शिक्षक आहेत का? गैरहजर मुलाच्या घरी कुणी चौकशी करतं का? संगतीची काळजी असेल तर रोज शाळेत येणाऱ्या दोन-तीन मुलांशी आपल्या मुलाची गट्टी जमवून द्या आणि त्यांना एकत्र अभ्यासाला बसवा.

हे वडील रजा टाकून शाळेत गेले. तिथे त्यांना कळलं की वर्गशिक्षिकेने मुलीचा एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा अर्ज आधीच भरला आहे. आठवीतल्या या परीक्षेत निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि मूल सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेत हवं. ज्या खासगी शाळेसाठी ते कर्ज काढणार होते, तिथे गेल्यावर हा हक्कच गेला असता. कर्जाचा विषय त्यांनी बंद केला. वार्षिक परीक्षेत मुलीने गणिताचा एकही प्रश्न सोडला नाही.

शाळा कधीच बदलू नये, असं माझं म्हणणं नाही. विषयाला शिक्षकच नसेल, मुलाला मारहाण होत असेल किंवा मुलीला जायच्या-यायच्या वाटेवर त्रास होत असेल, तर जरूर बदला. मात्र शक्यतो नववी सुरू होण्याआधी बदला आणि निर्णयाच्या वेळी मुलाला समोर बसवा.