‘डॉलर’ हा शब्द ज्या चेक गावावरून आला ते गाव कसं आहे? तिथे बघण्यासारखं काय आहे?

तुमचा प्रश्न असा की ही गोष्ट खरी का, आणि कार्लोवी वारी या प्रसिद्ध चेक शहराला जाणाऱ्याने त्यासाठी वाट वाकडी करावी का. गोष्ट खरी आहे. वाट मात्र सुंदर गावाच्या आशेने वाकडी करू नका. ते गाव म्हणजे याखिमोव, आणि ते सुंदर नाही. मी दोनदा गेलो, आणि पहिल्यांदा बसमधून उतरल्यावर तर ‘चुकीच्या स्टॉपवर उतरलो की काय’ असंच वाटलं. एकच लांबलचक चढाचा रस्ता, दोन्ही बाजूंना एके काळची श्रीमंत दगडी घरं, त्यातली कितीतरी ओसाड.

गाव क्रुश्ने होरी डोंगरांत आहे, कार्लोवी वारीच्या उत्तरेला साधारण २० किलोमीटरवर, जर्मनीच्या हद्दीला जवळजवळ चिकटून. १५१६ मध्ये इथे चांदी लागली आणि श्टेपान श्लिक नावाच्या सरदाराने गाव वसवलं. पुढच्या वीसेक वर्षांत वस्ती १८ हजारांच्या घरात गेली. बोहेमियात, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातल्या तेव्हाच्या राज्यात, प्रागच्या खालोखाल हेच गाव. आज तिथे तीन हजार माणसंही नाहीत.

जर्मन भाषेत गावाचं नाव योआखिम्सटाल, म्हणजे संत योआखिमची दरी. श्लिकने आपल्या चांदीची जाडजूड नाणी पाडली, एकेक सुमारे २९ ग्रॅमचं. एका बाजूला संत योआखिम, दुसऱ्या बाजूला बोहेमियाचा सिंह. १५२० मध्ये बोहेमियाच्या सभेने त्याला रीतसर परवानगी दिली. लोक या नाण्याला ‘योआखिम्सटालर’ म्हणत. एवढं लांब नाव बाजारात कोण घेत बसणार? त्याचं ‘टालर’ झालं, चेकमध्ये ‘तोलर’, डचांकडे ‘डाल्डर’, आणि इंग्रजीत जाऊन ‘डॉलर’. श्लिकला हे वैभव फार लाभलं नाही. १५२६ मध्ये तुर्कांशी झालेल्या मोहाचच्या लढाईत तो गेला आणि दोन वर्षांत टाकसाळ राजाने आपल्याकडे घेतली. त्या टाकसाळीच्या इमारतीत आता म्युझियम आहे. वेळ कमी असेल तर निदान ते बघाच. तिकिटाचे पैसे मात्र डॉलरमध्ये नाही, चेक चलनात, कोरुनांत.

याच गावात १५२७ पासून काही वर्षं आग्रिकोला हा डॉक्टर होता. आजारी खाणकामगार तपासता तपासता तो खाणींचाच अभ्यासक झाला. खाणकामावरचा त्याचा ग्रंथ १५५६ मध्ये आला आणि पुढची दोनेक शतकं युरोपात तोच प्रमाण मानला गेला.

पण मला हे गाव आवडतं ते चांदीसाठी नाही, एका काळ्या दगडासाठी. खणता खणता हा जड, डांबरासारखा दगड लागला की चांदी संपली असं समजायचं. कामगार त्याला ‘पेख’ म्हणत. जर्मनमध्ये पेख म्हणजे डांबर, आणि दुर्दैवसुद्धा. तो फेकून देत. पुढे त्यातून युरेनियम काढून काच आणि चिनीमाती रंगवायला वापरू लागले. उरलेला चोथा जंगलात टाकला जाई. पॅरिसमध्ये मारी आणि पिएर क्युरींनी टनावारी मागवला तो हाच चोथा. पोती उघडली तर त्यात पाइनच्या सुया मिसळलेल्या! १८९८ मध्ये पोलोनियम आणि रेडियमचा शोध लागला तो इथल्याच खनिजातून. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. इथे पावणेचारशेहून जास्त वर्षं लागली.

मग गावाने रेडॉन हा किरणोत्सारी वायू विरघळलेल्या पाण्याचे उपचार सुरू केले. १९१२ मध्ये ‘रेडियम पॅलेस’ हे भलंमोठं पांढरं हॉटेल उभं राहिलं. आजही पाणी सोळाव्या शतकातल्या स्वोर्नोस्त खाणीतून येतं, सुमारे ५०० मीटर खोलीवरून. सांधेदुखीची माणसं अंघोळीला येतात, डॉक्टरांच्या सल्ल्याने, मोजून मिनिटं. मी काही बसलो नाही. हॉटेलच्या बागेत बसून कॉफी प्यायलो.

तुमच्याकडे दुसरा अर्धा दिवस असेल तर तो याच्या पुढच्या इतिहासाला द्या. त्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही. १९४५ नंतर इथल्या जर्मन लोकांना हाकलून लावलं गेलं, आणि सगळं युरेनियम सोव्हिएत अणुबॉम्बसाठी जाऊ लागलं. खणायला माणसं हवीत, म्हणून १९४९ पासून खाणींभोवती कैद्यांच्या छावण्या उठल्या. त्यांत शेतकरी, पाद्री, विद्यार्थी असे हजारो राजकीय कैदी होते. १९४७ आणि १९४९ मध्ये जग जिंकलेल्या चेकोस्लोव्हाक आइस हॉकी संघातले खेळाडूसुद्धा १९५० मध्ये पकडले गेले आणि त्यांतले काही इथे खणायला आले. या कैद्यांना ‘मुकल’ म्हणत. संपवून टाकण्यासाठी नेमलेला माणूस, अशा चेक शब्दांच्या आद्याक्षरांचा तो शब्द. छावण्यांच्या जागा जोडणारी एक पायवाट आहे, ‘याखिमोवचा नरक’ नावाची. गवत, झाडं, मधेच एखादा फलक, बस्स. चांगले बूट घाला.

संत योआखिमचं चर्च १८७३ च्या आगीनंतर पुन्हा बांधलेलं आहे, त्याच्याजवळ कैद्यांचं स्मारक आहे. वरती क्लीनोवेत्स हे १२४४ मीटरचं शिखर. हवा चांगली असली तरच जा, मी गेलो तेव्हा नुसतं धुकं.

परतताना ओस्त्रोवजवळ थांबा. तिथे विटांचा एक सात मजली लाल मनोरा उभा आहे. त्यात कैदी युरेनियमचा दगड भरडून पिंपांत भरत, तोंडाला साधं फडकंही न बांधता. त्याचं नाव ‘मृत्यूचा लाल मनोरा’. २०१९ मध्ये युनेस्कोने या डोंगरांतल्या खाणींना जागतिक वारसा ठरवलं, त्या यादीत टाकसाळीच्या गावाबरोबर हा मनोराही आहे.