विंगरला लेफ्ट बॅक खेळायला सांगणं म्हणजे त्याला खाली ढकलणं का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजच्या फुटबॉल संघात तुम्ही विंगर (बगलेतून हल्ला करणारा), कोच आता लेफ्ट बॅकला (डावीकडच्या बचावपटूच्या जागी) उभं करताहेत, आणि असं मागे येऊन कुणाचं भलं झालंय का? झालंय. इंग्लंडच्या अ‍ॅशली यंगचं.

2009 सालचा यंग म्हणजे अ‍ॅस्टन व्हिलाचा डावा विंगर, इंग्लंडमधल्या व्यावसायिक खेळाडूंच्या संघटनेने त्या मोसमातला सर्वोत्तम युवा खेळाडू ठरवलेला. पाय उजवा, बगल डावी. बचावपटूला बाहेरची हूल द्यायची, आत वळायचं आणि गोलकडे वळत जाणारा क्रॉस (बगलेतून गोलसमोर दिलेला चेंडू) टाकायचा, हा त्याचा धंदा. 2011 मध्ये मँचेस्टर युनायटेडने त्याला घेतलं. ऑगस्टमध्येच त्यांनी आर्सेनलला 8-2 असं धुतलं, त्यात याचे दोन गोल, दोन्ही डावीकडून आत येऊन लांबच्या खांबाकडे वळवलेले. त्यानंतर मात्र उतार. पेनल्टीसाठी सहज पडतो अशी ख्याती झाली (मलाही तेव्हा तो डोळ्यासमोर नको असायचा), 2012 च्या युरोमध्ये इटलीविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने चेंडू क्रॉसबारवर मारला, आणि 2013 नंतर इंग्लंडच्या संघातून तो गेलाच.

2014 मध्ये लुई व्हॅन गाल युनायटेडचे प्रशिक्षक झाले. ते तीन सेंटर बॅक (मधले बचावपटू) खेळवायचे, म्हणजे प्रत्येक बगलेत वर-खाली करायला एकच माणूस, त्याला विंग-बॅक म्हणतात. तिथे यंग. माझ्या मते इथेच त्याची कारकीर्द वाचली. विंगरकडे चेंडू येतो तेव्हा बचावपटू अंगावर असतो, उभ्याउभ्या त्याला चकवावं लागतं, आणि तिशीजवळ ती पहिली उसळी कमी होतेच. मागून धावत येणाऱ्याला समोर मोकळी जागा मिळते. क्रॉस तोच, फक्त तो टाकायला माणूस चकवावा लागत नाही.

पुढे युनायटेडचे नंतरचे प्रशिक्षक जोझे मोरिन्होंनी 2017-18 मध्ये त्याला चौघांच्या बचावफळीत सरळ लेफ्ट बॅक केलं आणि ल्यूक शॉ, जो जन्माचा लेफ्ट बॅक, तो बाकावर बसला. कबड्डीत चढाईपटूला कोपरा सांभाळायला लावावं तसलाच प्रकार, पण चालला. समोरचा विंगर आत वळला की यंगचा भक्कम उजवा पाय आयता तिथेच असायचा. तोटाही होता आणि तो शेवटपर्यंत राहिला: गोलरेषेजवळ पोचला की चेंडू उजव्या पायावर घ्यायला थांबायचा, तोवर गोलसमोरच्या पेटीत समोरचे चार जण गोळा झालेले. तुम्ही डावखुरे असाल तर हा प्रश्नच नाही.

नोव्हेंबर 2017 मध्ये इंग्लंडचे तेव्हाचे प्रशिक्षक गॅरेथ साउथगेटनी त्याला परत बोलावलं, विंगर म्हणून नव्हे, विंग-बॅक म्हणून. वय 32. रशियातल्या 2018 च्या विश्वचषकात तो पाच सामने सुरुवातीपासून खेळला आणि इंग्लंड उपांत्य फेरीपर्यंत गेलं. जानेवारी 2020 मध्ये इटलीतल्या इंटर मिलानचे तेव्हाचे प्रशिक्षक अँतोनियो काँतेंनाही तीन सेंटर बॅकच्या रचनेत असाच माणूस हवा होता. 2021 मध्ये इंटरने सेरी आ (इटलीची अव्वल लीग) जिंकली आणि युव्हेंटसची सलग नऊ विजेतेपदांची मालिका तुटली. मग पुन्हा व्हिला, एव्हर्टन, आणि चाळिशी गाठल्यावर 2025 मध्ये इप्सविच. फक्त विंगर राहिला असता तर हे सगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

तेव्हा कोचवर रुसण्याआधी त्यांना एकच विचारा: पुढे जायची मुभा आहे का, आणि मी गेलो की माझी जागा कोण भरणार? याचं उत्तर त्यांच्याकडे तयार असेल तर बिनधास्त खेळा. नसेल, तर प्रत्येक प्रतिहल्ल्यात तुमच्याच नावाने खडे फोडले जातील.

आणि इंग्लंड-स्वीडन, 7 जुलै 2018, हा सामना सापडला तर पूर्ण बघा. तिसाव्या मिनिटाला यंगच्या कॉर्नरवर हॅरी मॅग्वायरने हेडरने केलेला गोल सगळे दाखवतात. तुम्ही मात्र चेंडू उजव्या बगलेतल्या विंग-बॅक ट्रिपियरकडे असताना यंग कुठे उभा असतो ते बघत राहा, कारण सवयीने विंगर त्या वेळी बाजूच्या रेषेला चिकटून चेंडूची वाट बघतो आणि लेफ्ट बॅकला आत सरकून सेंटर बॅकशेजारची फट बुजवावी लागते.