सिलेक्शन रूल्स डेरिव्हेशनमध्ये नेमके कुठून येतात?

सिलेक्शन रूल्स म्हणजे अणू प्रकाश घेताना-सोडताना कुठल्या अवस्थेतून कुठल्या अवस्थेत जाऊ शकतो त्याचे नियम. तुम्ही विचारलंय की 'डेल्टा एल = ±१' (एल म्हणजे ऑर्बिटल अँग्युलर मोमेंटमचा क्वांटम नंबर) पाठ आहे, पण ट्रान्झिशन प्रोबॅबिलिटी, म्हणजे अशा उडीची शक्यता, काढताना तो नियम कुठे घुसतो ते दिसत नाही. मलाही दिसत नव्हतं. पुण्यात एमएस्सी करताना सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या रेषा मोजल्या, जर्नलवर सही घेतली आणि थेट कॅन्टीन गाठलं.

टाइम-डिपेंडंट पर्टर्बेशनचा, म्हणजे प्रकाशाचं बदलतं फील्ड अणूला लहानसा धक्का देतं असं धरून केलेल्या गणिताचा, भाग सरळ आहे (नाव फर्मीच्या गोल्डन रूलचं, मूळ गणित डिराकचं, १९२७). शेवटी उरतं ते एवढंच: ट्रान्झिशनचा दर हा डायपोल ऑपरेटरच्या मॅट्रिक्स एलिमेंटच्या (सुरुवातीची अवस्था, डायपोल आणि शेवटची अवस्था यांच्या गुणाकाराच्या इंटिग्रलच्या) वर्गाच्या प्रमाणात. डायपोल का, तर प्रकाशाची तरंगलांबी अणूच्या हजारपटीहून मोठी, त्यामुळे अणूला सगळीकडे फील्ड सारखंच भासतं.

आता ते इंटिग्रल सोडवायच्या आधी नुसतं बघा. हायड्रोजनच्या वन-एस आणि टू-एस या दोन्ही अवस्था सम (सगळे कोऑर्डिनेट उलटे केले तरी तशाच), मधला डायपोलचा 'झेड' विषम (चिन्ह बदलतो). गुणाकार विषम, उत्तर शून्य. पेन उचलायचीही गरज नाही. पण इथे बरेच जण थांबतात आणि फसतात: पॅरिटी, म्हणजे हीच सम-विषमता, फक्त 'एल विषम संख्येने बदलावा' एवढंच सांगते, म्हणजे ३ सुद्धा चालला असता. तो कापला जातो कारण कॉस थीटाने ('झेड'चा कोनाचा भाग) स्फेरिकल हार्मोनिकला (अवस्थेचा कोनाचा भाग) गुणलं की फक्त एल+१ आणि एल−१ चेच तुकडे निघतात. 'एम'चा (अँग्युलर मोमेंटमच्या झेड-घटकाचा क्वांटम नंबर) नियम फायच्या, म्हणजे झेड-अक्षाभोवतीच्या कोनाच्या, इंटिग्रलमधून पडतो: 'झेड'ला बदल ०, एक्स-वायला ±१.

या नियमांत न बसणाऱ्या ट्रान्झिशनला लावलेल्या 'फॉरबिडन' शब्दाला मात्र घाबरू नका. बंदी फक्त इलेक्ट्रिक डायपोलला. हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा मॅग्नेटिक डायपोलने येते. एकट्या अणूला सरासरी सुमारे १.१ कोटी वर्षं लागतात. तरी आपल्या नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटरच्या ३० डिशेस १४२० मेगाहर्ट्झला नेमकी हीच रेषा पकडतात, कारण आकाशात अणूंना तोटा नाही.

आज रात्री वन-एस ते टू-पी (एम = ०) चं 'झेड'चं इंटिग्रल हाताने करा. ०.७४५ बोर त्रिज्या यायला हवी. नाही आली तर आधी टू-पीचं नॉर्मलायझेशन तपासा, माझं तिथेच चुकलं होतं.