तुम्ही पण लहानपणी नेहमी लेटेस्ट कन्सोलच्या एक पिढी मागे होतात का? कसं वाटायचं?

एक पिढी? भाऊ, आमच्याकडे तेवढीच असती तर काय पाहिजे होतं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय की ग्रुपमध्ये सगळ्यांकडे पीएस फाईव्ह, म्हणजे सोनीचं प्लेस्टेशन फाईव्ह हे गेमचं मशीन, आहे, तुम्ही अजून पीएस फोरवर, त्यामुळे गप्पांमध्ये नुसतं ऐकत बसावं लागतं, आणि आधीच्या लोकांचं पण असंच व्हायचं का. व्हायचं की. फक्त आपण मागे आहोत हे कळायला पुढे कोणीतरी दिसावं लागतं, आणि तासगावात ९८-९९ साली पुढे कोणीच दिसत नव्हतं.

पहिला व्हिडिओ गेम घरी आला तेव्हा मी चौथीत. पप्पांनी सांगलीहून आणला, खोक्यावर तलवारवाल्या निन्जाचं चित्र, आत निन्जाचा काही संबंध नाही. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, मग कनेक्शन. आम्ही मशीनला नुसतं व्हिडिओ गेम म्हणायचो, पिवळ्या वड्यांना कॅसेट आणि कंट्रोलरला रिमोट. पुढे किती वर्षांनी वाचनात आलं की ती सगळी निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या फॅमिकॉम नावाच्या मशीनची नक्कल होती, आणि ओरिजिनल फॅमिकॉम जपानमध्ये आलं १९८३ ला! म्हणजे माझ्या जन्माच्या आधीचं मशीन आमच्याकडे नवंकोरं म्हणून आलं, तिकडे तोवर सुपर फॅमिकॉम येऊन जुनं झालेलं, १९९४ च्या डिसेंबरात प्लेस्टेशन आलेलं, १९९६ ला निन्टेन्डो ६४ आलेलं. दुकानदार लेटेस्ट माल म्हणूनच विकत होता आणि त्याच्या परीने तो काही खोटं बोलत नव्हता, त्याच्याकडे आलेला लेटेस्ट माल तोच होता.

कॅसेटवर लिहिलेलं असायचं ९९९९९९९ इन वन. मेनूत खाली खाली जात राहायचं आणि थोड्याच वेळात कळायचं की खरे गेम मोजके आहेत, बाकी सगळे तेच, कुठे दुसऱ्या लेव्हलपासून चालू, कुठे मारिओचा रंग बदललेला. कॉन्ट्रा, रोड फायटर, सर्कस, तो रणगाड्यांचा बॅटल सिटी, आणि बंदूकवाला डक हंट. बंदुकीचं मला लई कौतुक होतं. वाटायचं बंदुकीतून काहीतरी निघून टीव्हीला लागतं, तर प्रत्यक्षात उलटं असतं. ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी होते, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि नळीतल्या सेन्सरला काळ्यानंतर तो उजेड दिसला की बदक पडलं. म्हणूनच ती बंदूक जुन्या डबा टीव्हीवरच चालायची, आजच्या फ्लॅट टीव्हीवर लावून बघा, एक बदक पडणार नाही. आम्ही तर नळी काचेला टेकवूनच मारायचो, नेम बिम काय नाही.

घरी खरी भांडणं वायरवरून. टीव्हीच्या मागे अँटेनाचं भोक एकच, त्यातून केबल काढायची आणि गेमची वायर खुपसायची, मग खेळून झालं की परत केबल. आज्जीची मालिका लागायच्या वेळेला मी गेममध्ये असलो की ती काही बोलायची नाही, नुसती येऊन टीव्हीच्या मागे उभी राहायची. आणि पप्पांचं एक ठरलेलं वाक्य, गेमने टीव्हीची ट्यूब जाते. ती काही गेली नाही, पण केबलची पिन सैल होऊन कायम मुंग्या यायला लागल्या त्याचं बिल माझ्याच नावावर फाटलं.

एसटी स्टँडजवळ एक गेमचं दुकान होतं, एक रुपयाचं नाणं टाकून उभ्याने खेळायची मशीन. तिथे सगळ्यात मोठी गर्दी मुस्तफाला. त्या गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉमचा १९९३ चा गेम, त्यात मुस्तफा नावाचं कॅरेक्टर आहे म्हणून आख्ख्या भारतात तो मुस्तफाच झाला. तो पण तेव्हा पाच-सहा वर्षं जुनाच होता, पण तासगावात तो जुना आहे हे सांगणारं कोण होतं? सगळेच मागे असल्यामुळे कोणीच मागे नव्हतं. त्या दोन-तीन वर्षांत मला एकदाही वाईट वाटलेलं आठवत नाही.

वाईट वाटायला सुरुवात झाली ती आतेभावामुळे. तो पुण्यात, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, दर मे महिन्यात आमच्याकडे यायचा आणि येताना बातम्या घेऊन यायचा. तो पीएस वनचं सांगायचा तेव्हा मी कॅसेट फुंकत होतो. मग त्याच्याकडे पीएस टू आला आणि २००४ च्या दिवाळीत आत्याने जुना पीएस वन आमच्याकडे पाठवला, जसे त्याचे शर्ट यायचे, धुवून इस्त्री करून, तसाच. करड्या रंगाचा तो जाडा पीएस वन, वापरून वापरून लेन्स इतकी झिजलेली की सरळ ठेवला तर सीडी वाचायचाच नाही, उलटा करून ठेवला की वाचायचा. आमच्या शोकेसमध्ये तो कायम पालथा. पाहुणे सरळ करायचे, मी परत पालथा करायचो.

त्याला चिप मारलेली होती. ओरिजिनल सीडीच्या आतल्या कडेला एक बारीक खूण लहरीच्या रूपात घातलेली असते, ती साध्या राइटरने लिहिता येत नाही म्हणून कॉपी चालत नाही, चिप मशीनला सांगते की खूण मिळाली, चल पुढे. त्या चिपेच्या जिवावर सांगलीत पन्नास रुपयाला सीडी. कायदेशीर नव्हतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण ओरिजिनल सीडी मी तोपर्यंत डोळ्याने बघितलेली पण नव्हती.

आता खरी गंमत. दादाने मशीन दिलं, रिमोट दिले, सीडी दिल्या, मेमरी कार्ड दिलं नाही. कारण पीएस टूवर पीएस वनच्या सीडी चालतात आणि त्या गेम सेव्ह करायला जुनंच कार्ड लागतं, सो कार्ड त्याने ठेवून घेतलं. त्याचं बरोबरच होतं म्हणा. पण मी टेक्केन थ्री हा मारामारीचा गेम खेळणार, त्यात एकेक कॅरेक्टर घेऊन आर्केड मोड संपवला की नवीन कॅरेक्टर उघडतं, आणि माझ्याकडे ते लक्षात ठेवायला काहीच नाही. त्यात २००५-०६ चं लोडशेडिंग. ज्यांनी ते गावाकडे काढलंय त्यांना सांगायला नको. लाईट जायची वेळ ठरलेली असायची, आम्ही ती फडताळाच्या दारावर खडूने लिहून ठेवली होती, त्या हिशोबाने शाळेतून येऊन दप्तर टाकून बसायचं, तीन-चार कॅरेक्टर उघडेपर्यंत पंखा बंद, टीव्ही बंद, सगळं गेलं. दुसऱ्या दिवशी परत पहिल्यापासून. त्यामुळे सुरुवातीच्या कॅरेक्टरांवर माझा हात असा बसला की दादा पुढच्या मे महिन्यात आला तेव्हा त्याला मी सलग हरवलं. तो म्हणाला, हे काय जुनं खेळत बसलायस, पीएस टूवरचा जीटीए सॅन अँड्रियास गेम बघ. झालं.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे असं मला वाटतं. मशीन जुनं असल्याचा त्रास खेळताना होत नाही, खेळताना तुम्ही खेळातच असता. त्रास होतो तो नंतर, की तुम्ही आज जे केलं ते ज्याला सांगायचं तो माणूस ते तीन वर्षांपूर्वीच करून विसरलाय. मी पीएस टूवर गॉड ऑफ वॉर टू संपवला त्याच्या आधी हॉस्टेलवर मला त्याच गेमच्या तिसऱ्या भागाचा शेवट कळलेला होता. गेमचा हिरो क्रेटॉस पुढे काय करणार हे माहीत असून मी त्याला झिउसकडे घेऊन चाललोय, अशी अवस्था.

हां, पण पीएस टू मी स्वतःच्या पैशाने घेतला. भोसरी एमआयडीसीत पहिली नोकरी, साडेतीन हजारात सेकंडहँड. तेव्हा पीएस थ्री भारतात येऊन दोन-तीन वर्षं झालेली, पण तो एप्रिल २००७ ला आला तोच ३९,९९० रुपयांना. अमेरिकेत तेव्हा ५९९ डॉलर, डॉलर ४१-४२ रुपयांचा, म्हणजे तिकडचे साधारण पंचवीस हजार आणि इकडचे चाळीस. माझ्या पगाराच्या हिशोबात ती चर्चाच नव्हती. आणि हे फक्त माझं नाही बरं का, देशाचंच गाडं तिथे होतं. भारतात बनलेला पहिला कन्सोल गेम म्हणून ज्याचं नाव घेतात तो हनुमान: बॉय वॉरियर २००९ मध्ये आला, पीएस टूवर. जगात पीएस थ्री चालू आणि आमचा मारुती पीएस टूवर उड्डाण करतोय. गेम म्हणून तो फार बरा होता असं मी म्हणणार नाही, पण कंपन्यांना इथला गिऱ्हाईक कुठल्या पायरीवर बसलाय हे बरोबर माहीत होतं.

आणि त्या पायरीवर बसायचे फायदे पण जबरदस्त होते, त्यावर कोणी बोलत नाही. कुठल्याही मशीनचे चांगले गेम शेवटी शेवटी येतात, कारण तोवर बनवणाऱ्यांना त्यातून काय काय पिळून निघतं ते समजलेलं असतं. गॉड ऑफ वॉर टू आला मार्च २००७ ला, म्हणजे पीएस थ्री आल्यानंतर, आणि आला पीएस टूवर. प्रो इव्होल्यूशन सॉकर २०१४ सुद्धा पीएस टूला मिळाला, २०१३ संपत आलं होतं तेव्हा! क्रिकेट ०७ वर तर आपल्या एका पिढीचं पोट भरलं, फुटपाथवर त्याच डिस्कला दरवर्षी नवीन आयपीएलचं कव्हर लावून विकायचे आणि आम्ही दरवर्षी घ्यायचो. आधी आलेल्यांनी कुठला गेम फालतू हे शोधण्यात पैसे घालवलेले असतात, मागून येणाऱ्याला नुसते निवडलेले खायला मिळतात.

मग जानेवारी २०१४ ला पीएस फोर आला, परत ३९,९९० लाच, आणि पुण्यातले पीएस थ्रीवाले विकायला निघाले. मी कोथरूडच्या एका मुलाकडून घेतला, त्याने कापडी पिशवी भरून डिस्क दिल्या, कारण पीएस फोरवर पीएस थ्रीच्या डिस्क चालत नाहीत, त्याला त्यांचा उपयोग शून्य. मला लॉटरी. पुढचा वर चढला की त्याची पायरी आपल्याला रिकामी होते, मी आयुष्यभर याच पद्धतीने खेळलोय आणि मला यात काही कमीपणा वाटत नाही.

पण तुमच्या वेळेला या पद्धतीचंच अवघड होत चाललंय, त्यासाठी हे एवढं सगळं टाईप केलं. कॅसेट आणि डिस्क एका हातातून दुसऱ्या हातात जाते. डाउनलोड केलेला गेम जात नाही, तो अकाउंटला चिकटलेला. दुकानं पण बंद व्हायला लागलीत, निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी यू या आपल्या जुन्या मशीनचं ऑनलाईन स्टोअर मार्च २०२३ मध्ये बंद केलं, मायक्रोसॉफ्टने त्यांच्या एक्सबॉक्स ३६० मशीनचं जुलै २०२४ मध्ये, सोनीने पीएस थ्रीचं २०२१ ला बंद करतो म्हणून जाहीर केलं होतं, लोकांनी बोंब मारली म्हणून राहिलं. पुढे असणाऱ्याला याचा काही फरक पडत नाही, तो पुढे गेलेला असतो. मागून येणाऱ्याला दुकानाचं शटर दिसतं.

माझं ताजं उदाहरण. दादाने पीएस फाईव्ह घेतला, पीएस फोर रीतसर माझ्याकडे आला. चालू केला तर आत काहीच नाही, सगळे गेम त्याने डाउनलोडवाले घेतलेले. अकाउंट दे म्हटलं तर म्हणाला, त्याला माझं क्रेडिट कार्ड जोडलंय, वहिनी मला घराबाहेर काढेल. शेवटी एका रविवारी तो स्वतः आला, त्याच्या अकाउंटने लॉगिन केलं, माझा पीएस फोर त्याचा प्रायमरी, म्हणजे मुख्य मशीन, म्हणून सेट केला, मग माझ्या अकाउंटवरून ते गेम चालायला लागले. मध्ये एकदा त्याने कसलंतरी सेटिंग बदलून सगळी जुनी मशीन काढून टाकली आणि माझ्याकडे प्रत्येक गेमवर कुलपाचं चिन्ह. फोन केला तर म्हणे, अरे हो, तुझा होता काय तो.

तर तुमच्याकडे पीएस फोर आहे ना, आत्ता डिस्क घेऊन ठेवा. लोक पीएस फाईव्हवर जातायत, सेकंडहँड डिस्क स्वस्तात पडून आहेत, आणि पीएस फोरच्या जवळपास सगळ्या डिस्क पीएस फाईव्हवर पण चालतात त्यामुळे पैसे वाया जाणार नाहीत. आणि उद्या पीएस फाईव्ह घ्याल तेव्हा चार पैसे जास्त पडले तरी डिस्क ड्राईव्हवालाच, म्हणजे ज्यात डिस्क घालता येते तोच, घ्या. तुमचा झाला की मला मेसेज करा, मी घेतो.