जंगलातल्या धावपट्टीकडे निघण्यापूर्वी

दुर्गम भागात मिशनचे छोटे विमान चालवायचे तर काय तयारी करावी, असे परवा नाशिकच्या शरणपूर चर्चबाहेर आपण विचारलेत, त्याचे उत्तर सविस्तर देतो. भारतात व्यावसायिक परवान्यासाठी लागणारे 200 तासांचे उड्डाण हा या कामाचा केवळ उंबरठा आहे. त्याबरोबर विमानदुरुस्तीही शिकून घ्यावी, कारण पापुआ न्यू गिनीच्या डोंगरात बंद पडलेल्या सेसना 206 या छोट्या एकइंजिनी विमानाजवळ मेकॅनिक चालत येत नाही.

तेथील अनेक गवती धावपट्ट्या इतक्या उताराच्या असतात की चढाच्या दिशेने उतरावे आणि उताराच्या दिशेने उडावे लागते. एक ठरावीक बिंदू ओलांडल्यावर समोर डोंगरच असल्याने पुन्हा वर उठता येत नाही. म्हणून उतरायचे की नाही, हा निर्णय त्या बिंदूपूर्वीच पक्का व्हायला हवा. नाशिकजवळच्या ओझर विमानतळाच्या लांबलचक डांबरी धावपट्टीवर ही सवय लागत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे. उंचीवर, त्यातही उन्हात, हवा विरळ होऊन पंखांची उचल आणि इंजिनाची ताकद दोन्ही घटतात, तेव्हा रुग्ण असो वा तांदळाचे पोते, प्रत्येकाचे वजन काट्यावर करूनच घ्यावे (पाद्रीसाहेबांच्या पेटीचेसुद्धा!). दुपारी ढग खिंडी झाकू लागतात, त्यामुळे लांबच्या फेऱ्या सकाळीच उरकाव्यात.